पेटीतली पुस्तकं

"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न विचारणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला स्वतःची यादी ऐकवायची असते, तुमचं उत्तर संपायची तो फक्त वाट बघत असतो. दुसऱ्याला खरंच पुस्तक हवं असतं. त्याच्याकडचं कालच संपलंय, आज रात्री काय वाचायचं हा त्याच्यापुढे खराखुरा प्रश्न आहे. पहिला प्रकार आपल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पैशाला पासरी सापडतो. आजचा लेख मात्र दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी आहे. आणि त्या माणसासाठी, शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, एका अख्ख्या संस्थानाने उभी केलेल्या यंत्रणेबद्दल आहे.

गोष्ट बडोद्याची. पण सुरुवात आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला होते. मालेगावजवळचं हे छोटं गाव. तिथल्या एका शेतकरी घरातला, गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. वय वर्षं बारा. नाव गोपाळ, पुढे सयाजीराव. महत्त्वाची गोष्ट ही की त्या दिवशी या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं! म्हणजे आपण ज्या वयात सातवीच्या परीक्षेला टरकून असतो, त्या वयात या राजाने मुळाक्षरं गिरवली. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. अक्षर ओळख नसतानाचं जग कसं दिसतं हे ज्याला आठवतं, त्याची पुस्तकाकडे बघायची नजर वेगळी असणारच.

तोपर्यंत आपल्याकडे वाचनालयं नव्हती असं नाही. रत्नागिरीला १८२८ मध्ये सुरू झालं. पुण्यात १८४८ मध्ये 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली, तीच आजची पुणे नगर वाचन मंदिर. लोकहितवादींचा तिच्यात पुढाकार होता. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. ही सगळी मोठीच कामं. पण ती शहरात होती, आणि साधारणपणे वर्गणी भरणाऱ्या शिकलेल्या माणसांच्या जोरावर चालत. खेड्यातल्या माणसाने काय वाचावं हा प्रश्नच कुणी विचारत नव्हतं, कारण तो वाचत असेल हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

सयाजीरावांच्या डोक्यात तो प्रश्न यायला एक व्यवहारी कारण होतं. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. झालं, पोरं शाळेत आली. चार यत्ता शिकली. मग शेतावर, दुकानात गेली. आणि पाच-सात वर्षांत शिकलेलं विसरून गेली! कारण घरात वाचायला छापील कागदच नाही. म्हणजे सरकारने खर्च करून साक्षर केलेला माणूस पुन्हा निरक्षर. आपल्या भाषेत सांगायचं तर बादलीत पाणी ओततोय पण बादलीला भोक आहे. शाळा काढून हे भोक बुजत नव्हतं. शाळेनंतर वाचायला काहीतरी हातात पडणं, हाच त्यावर उपाय होता.

१९०६ आणि १९१० मध्ये महाराज अमेरिकेला जाऊन आले. तिथली मोफत सार्वजनिक वाचनालयं त्यांनी डोळे उघडे ठेवून बघितली आणि १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात नोकरीवर आणलं. आजच्या हिशेबात तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला कन्सल्टंट म्हणा. फरक इतकाच की हा नुसती प्रेझेंटेशन्स देऊन गेला नाही. आपल्या तीन वर्षांत त्याने वाचनालय खातं उभारलं, १९११ मध्ये ग्रंथपाल घडवण्याचा वर्ग सुरू केला (भारतातला हा पहिलाच), आणि पुस्तकांच्या वर्गीकरणाची स्वतःची पद्धत बसवली. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं देऊन टाकली, त्यावर सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. तिथे बायकांसाठी वेगळी सोय होती, मुलांसाठी वेगळी खोली होती. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं एक त्रैमासिकही निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. पुढे १९३१ मध्ये या लायब्ररीला मांडवीत स्वतंत्र इमारत मिळाली. तिच्यातले पुस्तकांचे मजले काचेच्या लाद्यांचे आहेत, वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपावा म्हणून!

पण मला खरा भावलेला भाग इमारतीचा नाही, पेटीचा. फिरतं वाचनालय.

कल्पना अगदी साधी. लाकडाची एक मजबूत पेटी. तिच्यात निवडक पुस्तकं. ती खेड्यातल्या शिक्षकाच्या किंवा एखाद्या जबाबदार माणसाच्या नावे पाठवायची. गावाने ती वाचायची, ठरल्या मुदतीत परत करायची आणि पुढची पेटी मागवायची. वाचकाला खर्च शून्य, जाण्या-येण्याचं भाडंसुद्धा खातं भरणार. अमेरिकेत मेल्विल ड्यूईने (हो, तोच दशांश वर्गीकरणवाला) न्यूयॉर्क राज्यात १८९३ पासून अशा पेट्या पाठवायला सुरुवात केली होती. बडोद्याने ती कल्पना उचलली. पण तिला जोड आपली दिली.

ती जोड म्हणजे पैशाचं गणित. ज्या गावाला कायमचं वाचनालय हवं, त्याने एक तृतीयांश रक्कम उभी करायची. तेवढीच प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. आता बघा, हे किती हुशारीचं डिझाइन आहे. सगळं फुकट दिलं असतं तर गावाला त्याची किंमत राहिली नसती. सगळं गावावर सोडलं असतं तर फक्त श्रीमंत गावांत वाचनालयं झाली असती. तिसरा हिस्सा हा असा आकडा आहे की गरीब गावालाही तो जमवता येतो आणि जमवल्यावर वाचनालय 'आपलं' वाटतं. आणि गाव हा हिस्सा जमवेपर्यंत? तोपर्यंत पेटी येत राहते. म्हणजे आधी वाचनाची सवय लागते, मग मागणी तयार होते, मग इमारत. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या बरोबर उलटं होतं. आधी भूमिपूजन!

आणि हे सगळं नुसतं वरून खाली आलेलं नव्हतं. वसोचे मोतीभाई अमीन (१८७३–१९३९) नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी बॉर्डनच्या आधीच, १९०६ च्या सुमारास, 'मित्र मंडळ' या नावाने गावोगाव वाचनालयं काढायला सुरुवात केली होती. सरकारने शहाणपणा हा केला की या माणसाशी स्पर्धा न करता त्याला आपल्या खात्यात घेतलं. आजही एखादी मोठी कंपनी छोट्या टीमचं चालू काम गुंडाळून तेच नव्याने लिहायला घेते तेव्हा मला मोतीभाई आठवतात.

आता तुम्ही म्हणाल, पेटीत काय भरायचं हे खातंच ठरवणार, मग वाचकाची आवड कुठे राहिली? प्रश्न रास्त आहे. पण गंमत बघा. आज आपल्याला पुढचं पुस्तक मशीन सुचवतं, आणि आपण आधी जे घेतलं त्याच्याच जवळपासचं सुचवतं. तीन रहस्यकथा वाचल्या की चौथी रहस्यकथा हजर. पेटीचं तसं नव्हतं. तिला तुमचा इतिहास माहीतच नव्हता. शेतीवरचं पुस्तक हवं म्हणून पेटी उघडणाऱ्याच्या हाताला चरित्र लागणार, प्रवासवर्णन लागणार. शिवाय पेटी गावात एकच, वाचणारे अनेक. म्हणजे "तुझं झालं का? कसं आहे?" हे विचारल्याशिवाय गाडी पुढे जाणारच नाही. पुस्तक आणि शिफारस एकाच हातातून मिळणार.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख गोडगोड झाला असता. पण बडोद्याची गोष्ट इथे थांबत नाही.

याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये एका तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. भीमराव आंबेडकर. अटीप्रमाणे संस्थानची नोकरी करायला ते १९१७ मध्ये बडोद्याला आले. त्यांनी परदेशात जमवलेली पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती. महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणबुडीने बुडवली आणि पुस्तकं गेली. त्या नुकसानभरपाईचे पैसे बडोद्याच्या प्रवासाला आणि सुरुवातीच्या खर्चाला उपयोगी पडले. आणि बडोद्यात काय झालं? राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून उतरावं लागलं. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना तिथून बाहेर काढलं. कचेरीत शिपाई हातात न देता कागद लांबून टाकत. ते बडोदा सोडून मुंबईला परतले.

तारखा जुळवून बघा. १९११ ला ग्रंथपालांचा वर्ग, १९१२ ला तीन भाषांतलं त्रैमासिक, खेडोपाडी पेट्या जातायत, मोफत वाचनालयांत भारतात सगळ्यात पुढे असलेलं शहर. आणि त्याच शहरात, त्याच काळात, देशातल्या सर्वांत मोठ्या वाचकांपैकी एकाला झोपायला खोली नाही. राजाची इच्छा होती, कायदा होता, पैसा होता. पुस्तक दारापर्यंत आलं होतं. पण शेजारी कोण बसून वाचणार हे अजून जुनीच माणसं ठरवत होती.

मी हे पेट्यांची किंमत कमी करायला लिहीत नाहीये. सयाजीरावांचा हात नसता तर कोलंबिया झालंच नसतं, हेही तितकंच खरं. पण यंत्रणा कुठपर्यंत पोचते आणि कुठे तिचं काम संपून माणसांचं सुरू होतं, ती रेघ १९१७ च्या बडोद्यात जितकी स्वच्छ दिसते तितकी मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पेटी मात्र फिरत राहिली. १९३१ मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव निघाली. त्याच वर्षी मद्रासच्या एस. आर. रंगनाथन यांनी, जे मुळात गणिताचे प्राध्यापक, ग्रंथालयशास्त्राची आपली पाच सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. त्यांतल्या एकाचा भावार्थ असा, की कुठल्याही पुस्तकाला टाकाऊ म्हणू नका, त्याचा वाचक कुठेतरी असतो, तो शोधणं हे तुमचं काम. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. आणि २००९ मध्ये नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुन्हा पेटीच! पुस्तकं लोकांच्या देणगीतून. एका गटाने वाचायची आणि दुसऱ्या गटाशी बदलायची. या पेट्या दुबई, नेदरलँड्स आणि टोकियोच्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. कवळाण्याचा मुलगा नाशिक जिल्ह्यातला, आणि ही पेटीही नाशिकचीच. योगायोग आहे, पण मला आवडतो.

हे सगळं आत्ताच का आठवलं? आमच्या सोसायटीत क्लबहाउसमध्ये पुस्तकांचं एक कपाट करायचं घाटतंय. परवाच्या मीटिंगमध्ये कपाट किती फुटी, कुलूप कुणाकडे, डिपॉझिट किती यावर पाऊण तास गेला. मग कुणीतरी सहज विचारलं, "वॉचमन, ड्रायव्हर, कामाला येणाऱ्या बायका, त्यांच्या मुलांनी पुस्तक मागितलं तर?" खोली एकदम शांत झाली. एकजण म्हणाले, "तसं नियमात बसवता येणार नाही." मुद्दा पुढच्या मीटिंगला ढकलला गेला.

रात्रपाळीच्या वॉचमनकाकांची मुलगी बारावीला आहे. ती काय वाचते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, मलाही नाही, कारण तिला कुणी विचारलेलंच नाही. पुढची मीटिंग रविवारी आहे. मी डिपॉझिटचा नियमच काढून टाका असं लेखी देणार आहे, आणि पेटी गेटवरच्या केबिनमध्ये ठेवा असंही. कपाट नको, पेटीच बरी. कुलूप नसलेली.

प्रस्ताव पडेल की पास होईल, सांगता येत नाही. तोवर तुमच्यापुरतं एक करा. सोमवारी "सध्या काय वाचताय?" हा प्रश्न अशा माणसाला विचारा ज्याला तो आजवर कुणी विचारला नसेल. आणि जाताना एक पुस्तक बरोबर असू द्या.