बेंड पाईप स्वतः बदलायचा की गॅरेजमध्ये? बीएस-६ बाइकवाल्यांनी आधी हे वाचा

कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला संध्याकाळी उभं राहिलात तर एमएच-१५ पासिंगच्या दर चार-पाच बाइकमागे एखादी तरी "आवाज बदललेली" ऐकू येते. बहुतेकांनी फक्त मागचा सायलेन्सर बदललेला असतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे हेडर, आपल्या गॅरेजच्या भाषेत बेंड पाईप. इंजिनाच्या हेडपासून निघून खाली वळणारा, सगळ्यात जास्त तापणारा पाईप तो हाच. ऑनलाइन ऑर्डर केला की दारात येतो आणि व्हिडिओत पंधरा मिनिटांत बसतोही. मग गॅरेजला पैसे का द्यायचे?

उत्तर तुमची गाडी कोणत्या सालची आहे यावर ठरतं. पाना फिरवता येतो की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

नुसता पाईप नाही तो

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ बाइकमध्ये या पाईपवर सहसा ऑक्सिजन सेन्सर असतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही पाईपच्याच पोटात, इंजिनाच्या खाली बसवलेला असतो. सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो आणि साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टचा सिग्नल ईसीयूला पाठवतो. तो बघून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो, त्यावर विषारी वायूंचं रूपांतर होतं.

बाजारातले बरेच स्वस्त हेडर कॅटशिवाय येतात. म्हणजे तुम्ही हार्डवेअर बदललं, पण फर्मवेअर जुन्याच हार्डवेअरसाठी लिहिलेलं. ठरावीक वेगाने चालवताना ईसीयू सेन्सरचं ऐकून थोडंफार सांभाळून घेतो. फुल थ्रॉटलला मात्र तो सेन्सरकडे न बघता ठरलेल्या मॅपवर चालतो, आणि तो मॅप कंपनीच्या पाईपचा असतो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या गाड्यांमध्ये तर ओबीडीची नजर आणखी कडक झाली आहे. चेक इंजिन लाइट लागली तर नवल नको.

पॉवरचं म्हणाल, तर हेडरचा खरा फायदा पाईपची लांबी आणि व्यास इंजिनाशी जुळवल्यावर मिळतो. रोजच्या सिंगल सिलिंडर बाइकवर मॅप न बदलता नुसता पाईप टाकला की आवाज वाढतो, वेगात फरक जाणवेलच असं नाही.

घरी करताना अडतं कुठे

काम दिसायला सोपं आहे. सिंगल सिलिंडरला हेडजवळ बहुधा दोन नट आणि सायलेन्सरला एक क्लॅम्प. पण ते नट वर्षानुवर्षं तापून-गार होऊन, पावसात भिजून गंजलेले असतात. स्टड लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. जोर लावला आणि स्टड आतच तुटला, तर पंधरा मिनिटांचं काम लेथवाल्याकडे जातं: ड्रिल मारा, नवे आटे पाडा, कधी हेडच उतरवा. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीमुळे नाशिकमध्ये असं काम करणारी वर्कशॉप सापडतात, पण हिशोब मग गॅरेजच्या मजुरीच्या कितीतरी पुढे जातो.

म्हणून आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. इंजिन पूर्ण गार असतानाच हात घाला. सेन्सर असेल तर तो आधी काढा, वायरला पीळ बसू देऊ नका. हेड आणि पाईपमधलं गॅस्केट नवीनच घ्या. जुनं दाबून चपटं झालेलं असतं. दोन्ही नट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा, शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने. स्टेनलेस स्टीलचा पाईप असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर तेलकट बोटांचे ठसे तापून कायमचे उमटतात. पहिल्या राइडनंतर गार झाल्यावर नट परत तपासा.

गॅस्केट नीट बसलं नाही तर गंमत बघा. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. अ‍ॅव्हरेज पडतं, थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात, आणि लोक म्हणतात "काय आवाज आहे भारी!" जोडाला साबणाचं पाणी लावून गार इंजिन क्षणभर चालू करा. बुडबुडे आले तर लीक आहे.

मोबाइल इथे कामाला येतो. ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि अ‍ॅपने फॉल्ट कोड वाचता येतात. फक्त कारचा सॉकेट १६ पिनचा आणि अनेक बाइकचा ६ पिनचा, त्यामुळे मधली केबल वेगळी घ्यावी लागते, आणि तुमच्या मॉडेलला अ‍ॅप चालतं का ते आधी बघा.

मग गॅरेज कधी?

जुनी कार्ब्युरेटरची गाडी, सडलेला पाईप आणि त्याच्या जागी तसाच दुसरा, एवढंच असेल तर रविवारी घरी करा, मजा येते. मोकळ्या श्वासाचा पाईप टाकला तर मेन जेट बदलावा लागेल. हे आधी केलेलं नसेल तर जाणकार मेकॅनिक गाठा. बीएस-६ ला कॅटसकट हेडर टाकायचा असेल तर गॅरेजच, आणि तेही ईसीयूचे कोड वाचता येणारं. त्यांना विचारा: नवीन गॅस्केट टाकणार का? नव्या पाईपवर सेन्सरची जागा हेडपासून कंपनीइतक्याच अंतरावर आहे का? लांब असेल तर सेन्सर उशिरा तापतो आणि चुकीचं वाचतो. बिल मागा. जुना बेंड पाईप घरी घेऊन या. आतल्या कॅटला भंगारात चांगला भाव असतो, आणि गाडी विकताना किंवा वॉरंटीच्या वेळी तोच लागतो.

कायदा मात्र पाईप कुणी बसवला हे बघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ध्वनी-वायू प्रदूषणाचं कलम वेगळं, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत. १७५ सीसीपेक्षा मोठ्या बाइकची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, पण ती ठरावीक पद्धतीने मोजतात, त्यामुळे मोबाइलमधल्या डेसिबल अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पोलिसांना दाखवून उपयोग नाही. कॅट काढून टाकलेली बीएस-६ गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, घरी बसवा नाहीतर भारीतल्या भारी गॅरेजमध्ये.