आधीं कठीण, मग सोपें

अमेरिकेंत महाविद्यालयीन प्रश्नोत्तरांचा खेळ नभोवाणीमुळें लोकप्रिय झाला. १९५३ च्या ऑक्टोबरांत ‘कॉलेज बोल’ कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यांत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानें कोलंबियाला हरविलें. चौघांचे दोन संघ; जो आधीं घंटी दाबील त्याला उत्तराचा मान. १९५९ त हा खेळ चित्रवाणीवर गेला. पण प्रश्न आंखूड असत, आणि विद्येपेक्षां बोटाची चपळाई पुष्कळदां वरचढ ठरे.

१९७० सालीं ती मालिका थांबली, तरी महाविद्यालयांतून खेळ चालूच राहिला. पुढें कित्येक स्पर्धांत संघांनींच प्रश्न लिहून धाडावयाचे असा प्रघात पडला. अशा रीतीनें विज्ञानाचा विद्यार्थी खेळाडूबरोबर प्रश्नकारहि झाला. त्याचें काम बिकट खरें. शास्त्रज्ञाचें जन्मगांव कोणीहि विचारील. शास्त्र विचारणें निराळें!

हेलियमचेंच उदाहरण घ्यावें. प्रश्न एकच, पण लांबलचक. आरंभीं सांगावयाचें, की सुमारें २.१७ केल्विनच्या खालीं याचा द्रव घर्षणावांचून वाहूं लागतो. मग, १८९५ त रॅम्झे यांनीं हा वायु क्लीव्हाइट नांवाच्या खनिजांतून मिळविला. फुगे अगदीं शेवटीं. ज्यानें पदार्थविज्ञान मन लावून वाचलें, तो पहिल्याच वाक्याला घंटी दाबतो. बाकीचे फुग्यांची वाट पाहतात. हाच क्रम उलटला, तर दोघांत फरक तो काय उरला?

मात्र आपल्या संघानें धाडलेले प्रश्न ज्या फेरींत वाचले जातात, त्या फेरींत प्रश्नकाराला स्वाभाविकच खेळतां येत नाहीं.