सल्ला मागायला जाण्यापूर्वी : १८९० सालची एक विद्यार्थिनी

विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की सल्लागार प्राध्यापकांना भेटायला जायचं यात इतिहास तो कसला? दार वाजवायचं, आत जायचं, कुठले पेपर घ्यायचे ते विचारायचं, झालं. पण आपला विद्यार्थी नेमका इथंच अडतो. मानसशास्त्राला प्रवेश घेतलेला मुलगा जातो आणि विचारतो, "सर, मी काय घेऊ?" सर उलट विचारतात, "तुला काय करायचंय?" मग दोघंही गप्प. ही कोंडी कुठून आली आणि ती कशी फुटते, हे आज आपण बघणार आहोत.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. अभ्यासक्रम सगळ्यांना एकच असेल, तर सल्लागार लागत नाही. अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांत तसंच होतं. ग्रीक, लॅटिन, गणित ठरलेलं. पुढे १८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ते १९०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, त्या पदावर होते. त्यांनी विषय निवडण्याची मोकळीक टप्प्याटप्प्यानं वाढवली. मोकळीक आली तशी गोंधळाचीही सोय झाली. कुणी सोपे विषय गोळा करायचा, कुणी मित्राच्या मागं जायचा. म्हणून १८८९ साली हार्वर्डनं पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सल्लागारांचं मंडळ नेमलं. थोडक्यात काय, तर सल्लागार हे पद निवडीच्या स्वातंत्र्याच्या पोटी जन्माला आलं. निवडायचं असतं विद्यार्थ्यानं. सल्लागारानं त्याला वाट दाखवायची असते.

आता बरोबर पुढच्या वर्षी, १८९० मध्ये, काय घडलं ते बघा. मेरी व्हिटन कॅल्किन्स ही सत्तावीस वर्षांची तरुणी वेल्स्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवत होती. कॉलेजला मानसशास्त्र हा नवा विषय सुरू करायचा होता. त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही शिकवा, पण आधी वर्षभर तो विषय शिकून या. विषय किती नवा होता? विल्हेल्म वुंट यांची लाइपझिगची प्रयोगशाळा १८७९ ची, म्हणजे जेमतेम अकरा वर्षं जुनी. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश नव्हता. हार्वर्डच्या मुलांना सल्लागार नेमून मिळत होते, आणि या बाईंना सल्ला स्वतः शोधत हिंडायचं होतं.

त्यांनी काय केलं, ते आपल्या कामाचं आहे. त्यांच्यापुढे मिशिगनला जॉन ड्यूई यांच्याकडे जायचा पर्याय होता, येलला जॉर्ज लॅड यांच्याकडे जायचा होता. नावं दोन्ही मोठी. पण कॅल्किन्स यांना प्रयोगशाळेतलं काम शिकायचं होतं, आणि त्या कसोटीवर हे पर्याय कमी पडत होते. म्हणजे "मोठे प्राध्यापक कुठे आहेत" हा प्रश्न त्यांनी मागं ठेवला आणि "मला जे शिकवायचंय ते कुठे शिकता येईल" हा पुढे आणला. अशी एक कसोटी हातात असली, की पर्यायांची यादी आपोआप आखूड होते.

मग हार्वर्ड. विल्यम जेम्स आणि जोसाया रॉइस हे प्राध्यापक अनुकूल होते, एलियट नव्हते. वडिलांनी अर्ज केला, वेल्स्लीनंही पाठिंबा दिला, तेव्हा ऑक्टोबर १८९० मध्ये परवानगी मिळाली. तीही पाहुणी म्हणून, पटावरची विद्यार्थिनी म्हणून नव्हे. जेम्स यांचा 'मानसशास्त्राची तत्त्वे' हा ग्रंथ त्याच वर्षी निघालेला. वर्गातली बाकीची मुलं गळाली, आणि जेम्स यांच्या ग्रंथालयात शेकोटीच्या दोन बाजूंना गुरू आणि शिष्या एवढेच उरले. प्रयोगाचं शिक्षण त्यांनी वुस्टर इथल्या क्लार्क विद्यापीठाच्या एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे घेतलं. एका सल्लागाराकडे सगळं मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. १८९१ मध्ये वेल्स्लीला परतून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली.

पण गोष्ट इथं गोड करून संपवणं खरं होणार नाही. पुढे ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्मरणशक्तीवर काम केलं. रंग आणि अंक यांच्या जोड्या दाखवायच्या, मग नुसता रंग दाखवून अंक आठवायला सांगायचा. ही पद्धत आजही शिकवली जाते. १८९५ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्यांची पीएच.डी.ची अनौपचारिक परीक्षा घेतली आणि त्या उत्तम उतरल्या. विद्यापीठानं पदवी दिली नाही. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजची पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. काम हार्वर्डमध्ये केलं होतं. १९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, पण हार्वर्डची पदवी अखेरपर्यंत मिळाली नाही. तेव्हा विद्यार्थ्याची तयारी चोख असली तरी दार उघडणं संस्थेच्या हातात असतं. आणि ज्या मुलीच्या वडिलांना अर्ज लिहिता येत नाही, तिनं काय करायचं? नेमून दिलेला सल्लागार हवा तो तिच्यासाठी.

ही परंपरा आपल्याकडेही पोचली. म्युन्स्टरबर्ग यांच्याकडेच हार्वर्डला शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरुवातीला सांभाळला.

आज आपल्या कॉलेजांत काय आहे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक अशी निवड आणली. म्हणजे एलियट यांच्या काळातला प्रश्न आपल्या दारात आला. वर पुढच्या वाटा वेगवेगळ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं, तर नुसत्या एम.ए.वर भागत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं, तर चूक कुणाची? आम्हाला वाटतं, दोन्हीकडची.

म्हणून भेटीला जाताना चार गोष्टी कागदावर न्याव्यात. आतापर्यंत काय शिकलो आणि त्यात किती गुण पडले. काय करून बघायचंय : प्रयोग, समुपदेशन, शाळा, उद्योग. कुठल्या अटी बदलता येत नाहीत : पैसा, गाव, घरची जबाबदारी. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही. घरच्या अडचणी सांगायला लाजू नये. त्या कळल्या नाहीत, तर सल्ला दुसऱ्याच कुणाला दिल्यासारखा होतो. निघताना ठरलेलं लिहून घ्यावं आणि दुसरं मतही विचारावं.

आणि आम्ही जे खुर्चीच्या या बाजूला बसतो, त्यांनीही एक करावं. मुलगा गप्प बसला, तर त्याची तयारी नाही असं समजून पुढच्याला हाक मारू नये. त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसेल. आपण विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.