डोळ्यांदेखत गोळी

बाळापूरहून अकोला पंचवीसेक किलोमीटर. जायला फार वेळ लागत नाही. पण सर्वोपचार रुग्णालयातली केसपेपरची रांग, रक्त देणं, औषधाची खिडकी असं सगळं उरकून परत येईतो दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. एचआयव्हीची औषधं महिन्यातून एकदा एआरटी केंद्रातून आणणं कापूस वेचणाऱ्या माणसालाही कसंबसं जमतं. त्याच माणसाला टीबीही झाला आणि 'ही गोळी रोज आमच्यासमोर घे' असं सांगितलं, की सगळं अडतं. ही अडचण सोडवायला गोळ्यांच्या पाकिटातच फोन नंबर दडवायची युक्ती निघाली. तिचं मूळ शोधायला आधी मद्रासला जावं लागतं.

१९५६ साली मद्रासच्या चेतपेट भागात क्षयरोगावरच्या औषधोपचाराचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चौघे त्यात भागीदार होते. प्रमुख म्हणून आले ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स. तेव्हा क्षय म्हटलं की मिरज, पाचगणी, सॅनेटोरियम, चांगली हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणं. पण देशातल्या रुग्णांची संख्या पाहता तेवढ्या खाटा कधीच पुरणार नव्हत्या. म्हणून केंद्राने साधा प्रश्न घेतला: तीच औषधं, आयसोनियाझिड आणि पास, एक वर्ष घरी राहून घेतली तर काय होतं? रुग्ण मद्रासच्या गरीब वस्त्यांतले होते. काही सॅनेटोरियमात ठेवले, काही घरी. १९५९ साली निष्कर्ष छापून आले. घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरात राहणाऱ्यांना वेगळा धोकाही दिसला नाही. सॅनेटोरियमचे दिवस भरले ते इथून.

मात्र घरी असलेला माणूस गोळी खरंच घेतो का, ही रुखरुख डॉक्टरांना लागली. मग कर्मचारी न सांगता दारात उभे राहू लागले. उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि लघवीचा नमुना न्यायचा. आयसोनियाझिड पोटात गेलं असेल तर रसायन टाकताच लघवीत ते उघड होतं. बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो, हे अशा तपासणीतून पुढे आलं. १९५८ सालीच फॉक्स यांनी रुग्णाने स्वतःहून औषध घेण्यातल्या अडचणींवर लेख लिहिला. उपाय ठरला तो असा, की कुणाच्या तरी समोर गोळी गिळायची. पण रोज समोर कोण येणार? म्हणून आठवड्यातून दोनदाच, मात्र प्रत्येक डोस नजरेसमोर, असा प्रयोग याच केंद्राने केला आणि १९६४ साली तो प्रसिद्ध झाला. डोळ्यांदेखत गोळी आणि दिवसाआड गोळी ही जुळी भावंडं आहेत. एक सोयीचं व्हावं म्हणून दुसरं जन्माला आलं, हे पुढे सगळे विसरले.

नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीला 'डॉट्स' नाव दिलं. भारताच्या सुधारित कार्यक्रमाने ती १९९७ पासून घेतली, आठवड्यातून तीन डोस. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा स्वतंत्र डबा, नव्या रुग्णाचा लाल, दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्याचा निळा. त्यात पूर्ण कोर्स. पहिले काही महिने प्रत्येक डोस समोर, नंतर आठवड्यातला पहिला समोर आणि बाकीचे घरी. गावात डबा अंगणवाडीत, आशाताईकडे नाहीतर उपकेंद्रात असायचा. व्यवस्था उत्तम होती, असं मला वाटतं. निदान औषध संपलं म्हणून कुणाला परत जावं लागत नव्हतं.

एचआयव्हीने तिचं दुखणं उघडं पाडलं. शरीराची प्रतिकारशक्तीच ढासळलेली असेल, तर दोन डोसांमधली मोकळी जागा जंतूला पुरते. चेन्नईच्याच संस्थेने (चेतपेटच्या केंद्राचीच पुढची आवृत्ती, आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेल्या ३३१ रुग्णांवर चाचणी घेतली. रोज औषध घेणाऱ्या गटात ९१ टक्के बरे झाले, दिवसाआड घेणाऱ्यांत ७७ टक्के. शिवाय दिवसाआडच्या गटात चौघांच्या जंतूंनी रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देणं बंद केलं. रोजच्या गटात एकाच्याही नाही. चेतपेटमध्ये ठरलेली सवलत चेतपेटच्या वारसांनीच मोडीत काढली. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, पण त्याआधीच सरकारने पाऊल उचललं होतं. एचआयव्ही असलेल्यांना आणि मग २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या सगळ्या रुग्णांना रोजची गोळी सुरू झाली, आणि त्याच वर्षी ती देशभर गेली.

रोज म्हणजे रोजची हजेरी. इथे पाकिटाचा जन्म होतो. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या बिल थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी '९९डॉट्स' आखलं आणि 'एव्हरवेल' या संस्थेने ते पुढे नेलं. गोळ्यांच्या पत्त्याला मागून पुठ्ठ्याचं आवरण. गोळी दाबून बाहेर काढली की आवरण फाटतं आणि आतला नंबर दिसतो. त्या नंबरवर फुकट फोन लावायचा. तो आपोआप कटतो आणि रुग्णाच्या नावापुढे खूण उमटते. नंबर कोणत्या क्रमाने येतील ते आधी कळत नसल्यामुळे पुठ्ठा फाडल्याशिवाय फोन करता येत नाही. साध्या मोबाइलवर चालतं, इंटरनेट लागत नाही. देशात ते आधी एआरटी केंद्रांतच, दोन्ही आजार असलेल्यांना दिलं गेलं. बाळापूरच्या माणसाचा प्रश्न सोडवायला निघालेली वस्तू त्याच्याच रांगेत पहिल्यांदा वाटली गेली, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात न्याय्य वळण वाटतं.

पण पुठ्ठा फाडला म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी रुग्णांच्या घरी न सांगता जाऊन पुन्हा लघवीच तपासली. फोनच्या नोंदी आणि लघवी यांचा मेळ नीट बसला नाही. काहींनी गोळी न घेताच फोन लावलेला, काहींनी गोळी घेऊनही लावलेला नाही. मुलाखतींतून कारणं समजली. घरात फोन एकच आणि तो नवऱ्याकडे, रेंज नाही, पाकीट कुणी पाहील आणि आजार कळेल ही भीती. युगांडातही १८ आरोग्य केंद्रांत हेच पाकीट देऊन पाहिलं. सरसकट हिशेबात बरे होण्याचं प्रमाण फारसं हललं नाही.

मधल्या काळात एचआयव्हीचं औषधही बदललं. आता डोल्युटेग्राविर दिलं जातं. रिफाम्पिसिन त्याची रक्तातली पातळी खाली आणतं, म्हणून टीबीचा उपचार चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी दोन आठवडे, नेहमीच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी घ्यावी लागते. टीबीच्या गोळ्यांची नोंद ठेवायला पाकीट आहे, आशाताई आहे, फोन आहे. बारा तासांनंतरच्या त्या गोळीवर नजर ठेवायला यातलं काहीच नेमलेलं नाही, आणि ती चुकली तर चेतपेटची लघवीची चाचणीही ते सांगू शकणार नाही.