क्रूस कोणाच्या खांद्यावर?



आमच्या सूतगिरणीत जॉबर सांगतो, सोस, सोसणाऱ्याला देव देतो. साच्यावर उभं राहून पाय सुजतात, देव काही फिरकत नाही. त्यामुळं येशूनं शिष्यांना आपापला क्रूस उचलून मागं यायला सांगितलं, हे वाचलं तेव्हा मला रागच आला. वाटलं, हाही जॉबरच.

रागाला कारण आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात दासांना सांगितलंय, धनी कठोर असला तरी ताबेदारीत राहा. ख्रिस्तानंही सोसलं, त्याचा कित्ता गिरवा. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी असलीच वचनं काळ्या गुलामांना ऐकवली. इकडं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओतायची आज्ञा. तिकडं कानात वचन, पाठीवर चाबूक.

पण त्याच गुलामांनी क्रूस उलटा वाचला. क्रूस म्हणजे रोमन साम्राज्याची फाशी, गुलामांसाठी, बंडखोरांसाठी. येशूला दुःखाची हौस नव्हती. तो तळातल्यांच्या बाजूनं उभा राहिला, त्याची किंमत सत्तेनं वसूल केली.

हे मला मेम्फिस शहरानं शिकवलं. १ फेब्रुवारी १९६८. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार कचरागाडीच्या मागच्या भागात आडोशाला शिरले. कचरा दाबायचं यंत्र चालू झालं, दोघंही चिरडले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. गळ्यात पाट्या : 'मी माणूस आहे.' चर्चमधून मोर्चे निघाले. संपाच्या पाठीशी उभ्या पाद्र्यांत जेम्स लॉसन पुढं होता. हा माणूस १९५० च्या दशकात आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात राहून गेलेला. त्यानंच मार्टिन ल्यूथर किंगला बोलावलं.

३ एप्रिलला किंग भाषणात म्हणाला, मी यांच्यासाठी थांबलो तर माझं काय होईल हा प्रश्नच नाही. नाही थांबलो तर यांचं काय होईल, हा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी त्याला गोळी घातली. वय एकोणचाळीस. १६ एप्रिलला शहरानं युनियन मान्य केली, पगार वाढवला.

किंग मानायचा, निरपराधानं सोसलेलं दुःख तारक असतं. इथं माझं त्याच्याशी भांडण आहे. कोल आणि वॉकरनी काय तारलं? त्यांनी मरण निवडलं नव्हतं, ते त्यांच्यावर लादलं गेलं. त्याला त्याग म्हणणं म्हणजे खुन्याला पावती देणं. किंगनं मात्र धोका ओळखून पाऊल टाकलं, आणि दुसऱ्यांच्या पाठीवरचं ओझं उतरवायला टाकलं. तो त्याग.

गांधींनी भंगीकामाला पवित्र सेवा म्हटलं, तेव्हा बाबासाहेबांनी हाच कावा उघडा पाडला. घाणीला फुलं वाहिली म्हणून घाण काढणाऱ्याची सुटका होत नाही. २०१३ साली कायदा झाला, तरी आपली माणसं गटारात गुदमरून मरतात. वर त्यांना 'स्वच्छतेचे सैनिक' म्हणून हार घालतात.

तेव्हा कोणी सोसायला सांगितलं की दोनच गोष्टी विचारा. हे निवडलं कोणी? आणि यानं ओझं कोणाचं उतरतंय?

उत्तर मालकाच्या फायद्याचं निघालं, तर तो क्रूस खांद्यावरून खाली फेका. आणि ज्यांनी तो घडवला, त्यांच्या दारात नेऊन उभा करा.