रक्तातले ३० मिलिग्रॅम : दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कायद्याचा प्रवास

"दोनच पेग घेतले होते, पूर्ण शुद्धीत होतो, मग केस कशी होते?" हा प्रश्न डॉक्टरांना वारंवार विचारला जातो. उत्तर समजायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१९३९च्या मोटार वाहन कायद्यात चालक गाडीवर नीट ताबा ठेवू शकत नाही इतका नशेत होता, हे सिद्ध करावं लागे. सगळी भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर : तोंडाचा वास, जड जीभ, झोकांड्या. पण तुम्हीच विचार करा. डोक्याला मार लागलेला किंवा साखर एकदम उतरलेला मधुमेहीही असाच दिसू शकतो. उलट रोजचा पिणारा सरळ चालून दाखवतो!

आपल्याकडे रक्ताची मोजणी आली ती दारूबंदीच्या वाटेने. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. तेव्हा आपला धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९च्या दुरुस्तीने तो कायदा इकडेही लागू झाला. त्याच दुरुस्तीत वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीची तरतूद आली. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून आलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली.

या चाचणीचं महत्त्व १९७१ मध्ये दिसलं. मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात डॉक्टरांनी वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं नोंदवलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही. रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालेली नव्हती.

पुढे १९८८चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या कलम १८५ मध्ये सुरुवातीला रक्तातलं कितीही कमी अल्कोहोल गुन्हा होतं. १९९४च्या दुरुस्तीने मर्यादा ठरली : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. गाडी नीट चालत होती की नाही, हा प्रश्नच उरला नाही. २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत नेला. सहा महिन्यांपर्यंत कैद कायम राहिली. श्वासाच्या यंत्राखेरीज प्रयोगशाळेतली चाचणीही स्पष्टपणे ग्राह्य झाली.

मर्यादा इतकी खाली का? कारण अल्कोहोल आधी मेंदूतला अंदाज घेणारा, आवर घालणारा भाग सुस्त करतं. पाय लटपटायच्या कितीतरी आधी समोरच्या ट्रकचं अंतर चुकायला लागतं. आणि "मी ठीक आहे" हा निर्णय तोच सुस्त मेंदू देत असतो.

या कायद्यात घड्याळालाही महत्त्व आहे. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर पोलिसांना त्या माणसाला सोडावं लागतं. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल जाळतं. म्हणजे रक्तात ६० असेल, तर दोन तासांत ते ३० वर येतं आणि पुरावा हातचा जातो. उमरगा, नळदुर्गसारख्या हमरस्त्यावरच्या गावांत रात्री अपघात झाला, तर नमुना वेळेत घेतला जाणं जखमीच्या घरच्यांसाठीही महत्त्वाचं असतं. ते तपासाबद्दल पोलिसांकडे विचारणा करू शकतात.

हाच वेग तुमच्याही लक्षात असू द्या. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस तरतरीत वाटतो. रक्तातला आकडा उतरत नाही. तो फक्त वेळेने उतरतो. रात्री खूप प्यायलेल्याच्या रक्तात सकाळीही मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल असू शकतं. शिंदी असो, हातभट्टी असो की विलायती, रक्ताला फरक कळत नाही.

तेव्हा "किती प्यायल्यावर चालेल?" हा हिशेब करूच नका. कुणाचं वजन कमी, कुणाचं पोट रिकामं, कुणाला झोपेची गोळी चालू. प्यायला असाल तर मोटारसायकलची किल्ली घरच्यांच्या हाती द्या. मुक्काम करा, नाहीतर न प्यायलेल्या माणसाला चालवू द्या.