तांबटाची गीता : कोरणी, वेलपत्ती आणि छापील अक्षर

(१)
खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ हा दिवस आठवतो. आज जामखेड तालुक्यात असलेल्या या गावाच्या परिसरात मराठे आणि निजामअली यांच्या फौजा भिडल्या. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि अखेर मराठ्यांच्या अटींवर तह केला. नाना फडणविसांच्या मुत्सद्देगिरीचा हा कळस मानला जातो. त्याच नानांची एक इच्छा मात्र फौजेने पुरी होण्यासारखी नव्हती. तिला एका तांबटाचा हात हवा होता.

(२)
१७८६ पासून १७९७ पर्यंत चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून पुणे दरबारी होता. त्याच्या प्रोत्साहनाने जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात आला. चित्रकला शिकवण्याची सोय झाली आणि वेरूळची लेणी रेखाटणारा गंगाराम तांबट पुढे आला. परंपरागत वृत्तांतानुसार याच काळात मॅलेटने पुण्यातील एका तांबट कारागिराला छपाईसाठी तांब्यावर अक्षरे कोरण्याची विद्या शिकवली. भगवद्गीता छापून ब्राह्मणांना दान करावी, ही नानांची इच्छा त्यातूनच आकाराला आली.

(३)
त्या कारागिराला नवे असे किती शिकावे लागले असेल? याचे उत्तर कोरीव कामाच्या मूळ रीतीत आहे. दागिन्यावर नक्षी दोन प्रकारे उठते. ठोकून उठवलेल्या कामात धातू दबतो किंवा वर येतो, पण कमी होत नाही. कोरीव कामात कोरणीच्या टोकाने धातूची बारीक तार निघून येते आणि मागे चर उरतो. पाटलीवरची वेल असो वा चांदीच्या करंड्यावरची, ती अशा शेकडो चरांची बनलेली असते.

(४)
शिकणाऱ्याचे पहिले दिवस नक्षीत जात नाहीत, कोरणीला धार लावण्यात जातात. धार बोथट असेल तर टोक धातूवरून घसरते आणि गुळगुळीत पृष्ठावर कायमचा ओरखडा उमटतो. मग येतो कोन. कोरणी फार उभी धरली तर ती रुतून बसते, फार आडवी धरली तर निसटते. तिसरा धडा सर्वांत अवघड. वळणदार रेषा कोरताना कोरणीचा हात जवळजवळ स्थिर राहतो. दुसरा हात कामाचा तुकडा फिरवतो आणि त्या फिरण्यातून वळण जन्माला येते.

(५)
वेलपत्तीलाही क्रम असतो. आधी मुख्य देठाचे सर्पिल वळण. ते एका श्वासात आल्यासारखे सलग हवे, कारण तिथे आलेला कंप पुढची कितीही पाने झाकू शकत नाहीत. मग देठातून फुटणाऱ्या फांद्या, नंतर पाने आणि शेवटी छायेच्या बारीक रेषा. कोरणी किंचित कलवली की रेषा रुंदावते, सरळ केली की पुन्हा केसासारखी होते. हा सराव सोन्यावर परवडत नाही. स्वस्त आणि मऊ असे तांबेच हात तयार करण्यासाठी सोयीचे.

(६)
तांब्यावर अक्षर कोरणे या भूमीला नवे नव्हतेच. राष्ट्रकूट आणि शिलाहार राजांचे दानलेख ताम्रपटांवर कोरलेले आहेत. अशा लेखांच्या शेवटी कधी कधी कोरणाऱ्याचेही नाव येते, आणि हे काम करणाऱ्यांत सोनार आढळतात. दागिना घडवणारा आणि राजाज्ञा कोरणारा हात एकच असू शकत होता.

(७)
छपाईसाठी मात्र अक्षर उलटे कोरावे लागते, तरच ते कागदावर सुलटे उमटते. पण हेही इथे ठाऊक होते. शिक्क्याची अंगठी म्हणजे उलट्या अक्षरांचा दागिनाच. राजमुद्रा उलटी कोरलेली असे. टांकसाळीत नाणे पाडण्याचे साचेही उलटेच कोरले जात. ताम्रपटावरील दीर्घ मजकूर, दागिन्यावरील वळण आणि मुद्रेवरील उलटे अक्षर ही तिन्ही कौशल्ये हजर होती. छपाईच्या शाईसाठी आणि कागदासाठी ती एकत्र आणण्याचे काम तेवढे उरले होते.

(८)
युरोपातही छपाईचे कोरीव काम असेच जन्मले. पंधराव्या शतकात ते वाढले ते मुख्यतः सोनारांच्या कर्मशाळांतून. आल्ब्रेख्त ड्यूररचे वडील सोनार होते आणि त्याने स्वतःही आधी तीच विद्या घेतली होती. चरांत शाई भरायची, पृष्ठ पुसून घ्यायचे आणि ओलसर कागद दाबून चरांतली शाई उचलायची, अशी ती रीत. दागिन्याची कोरणी तिथे चित्राची कोरणी झाली.

(९)
‘आपल्याकडे कौशल्य नव्हते म्हणून छपाई उशिरा आली’ हे विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्येच आले होते. भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या मागणीवरून कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक पाठवला, पण त्याला देशी अक्षरांचे खिळे पाडता आले नाहीत. भीमजीने आपल्याच माणसांकडून प्रयत्न करवला. त्यांनी छापलेले कागद सुवाच्य असल्याची नोंद कंपनीच्या पत्रव्यवहारात आहे. हात होते. मागे सातत्याने उभा राहणारा आश्रय नव्हता.

(१०)
नानांच्या गीतेवरही तीच वेळ आली. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला, पुण्यात सत्तेची ओढाताण सुरू झाली आणि १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. काम अर्धवट राहिले. तो तांबट मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. खर्ड्यावर मराठी फौजांचे नेतृत्व करणारे परशुरामभाऊ याच पटवर्धन घराण्यातले. अठरा अध्याय, सातशे श्लोक आणि प्रत्येक अक्षर हाताने, उलटे कोरलेले, अशी गीता १८०५ मध्ये मिरजेत छापून झाली.

(११)
त्याच १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. तिथे सुट्या खिळ्यांची पद्धत होती, आणि त्या छापखान्याच्या खिळ्यांमागे पंचानन कर्मकार या लोहारकाम करणाऱ्या घराण्यातील कारागिराची विद्या होती. म्हणजे दोन्हीकडे धातूवर चालणारा देशी हातच होता. फरक पद्धतीचा होता. सुटे खिळे मोडून पुन्हा जुळवता येतात, आज व्याकरण तर उद्या कोश. तांब्याच्या पत्र्यावरचे पान मात्र कायमचे तेच पान राहते. मिरजेची गीता पूर्ण झाली, पण त्या कष्टातून दुसरा ग्रंथ निघणार नव्हता.

(१२)
या कथेत वकिलाचे, कारभाऱ्याचे आणि संस्थानिकाचे नाव ठळक येते. ज्याने अक्षरे कोरली, तो बहुतेक ठिकाणी ‘एक तांबट’ एवढ्याच ओळखीने येतो. खर्ड्याच्या तहाने मिळालेले बरेचसे काही अल्पावधीतच हातचे गेले. राज्य डळमळले, आश्रयदाता गेला, गाव बदलले, तरी त्या कारागिराने कोरणी खाली ठेवली नाही. जुन्या पाटलीवरची वेल हातात आली तर तिच्या देठाचे वळण जरा निरखून पाहावे. महाराष्ट्रातील छापील अक्षराची एक वाट त्याच वळणावरून आली आहे.